ग्लासगोला टेक्स्टाइल डिझाइन शिकायला येतेस? आधी भरतकाम केलं कुणी ते सांग

तुझा प्रश्न थोडक्यात असा: मुंबईत टेक्स्टाइल डिझाइनचं शेवटचं वर्ष चालू आहे, प्रिंट आणि भरतकाम मिळून तीन कलेक्शन तयार आहेत, पुढच्या सप्टेंबरला स्कॉटलंडमध्ये मास्टर्सला यायचंय. "ताई, पोर्टफोलिओत काय ठेवू, शिकता शिकता डिझाइनं विकता येतील का, पुढे नोकरीचं काय, आणि सामान काय आणू?" मी सोलापूरची. ग्लासगोत मास्टर्स केलं, आता इथेच एका लहान प्रिंट स्टुडिओत काम करते. मला जे भोवलं आणि जे कामी आलं तेवढंच सांगते.

तू पाठवलेले फोटो बघितले. दुसऱ्या कलेक्शनमधलं आरीकाम, म्हणजे हुकासारख्या टोकाच्या सुईने केलेलं भरतकाम, फारच सफाईदार आहे, आणि म्हणूनच मला भीती वाटते. माझ्या इंटरव्ह्यूला मीही असाच एक स्वॉच, म्हणजे कापडाचा नमुना, सगळ्यात आधी दाखवला होता: पातळ ऑर्गंझा कापडावर कटदाण्याचे मणी, एक टाका इकडचा तिकडे नाही. पहिलाच प्रश्न आला, "हे कुणी भरलं?" मी ठोकून दिलं, मीच. दुसरा प्रश्न, "मणी वरून घेतलेस की उलट्या बाजूने?" आपल्याकडचा कारागीर मणी आरीवर ओवून कापडाच्या सुलट बाजूने काम करतो, फ्रान्समधल्या ल्युनव्हिलच्या पद्धतीत मणी खालच्या दोऱ्यात ओवलेले असतात आणि काम उलट्या बाजूने चालतं. हे मला तेव्हा माहीतच नव्हतं. गप्प बसले. मग खरं सांगून टाकलं: चित्र माझं, खाका (नक्षी कापडावर उतरवायचा भोकं पाडलेला कागद) मी टोचला, भरलं अड्ड्यावरच्या, म्हणजे कापड ताणून बसवायच्या लाकडी चौकटीवरच्या उस्तादांनी. वाटलं, संपलं. पण पुढचा प्रश्न होता, "त्यांनी तुझ्या चित्रात काय बदललं?" ते मात्र मला पाठ होतं. मी वेलीचं एक वळण इतकं चिंचोळं काढलं होतं की तिथे साखळीटाका वळेना. उस्तादांनी मला न विचारता ते पसरट केलं आणि मी त्यांच्याशी भांडले होते. उरलेली मुलाखत त्या वळणावरच झाली.

तेव्हा पोर्टफोलिओच्या प्रत्येक पानावर साफ लिही: रेखाटन कुणाचं, खाका कुणाचा, भरणं कुणाचं, तास किती. आपल्याकडे काम करून घेणं यात काही गैर नाही, सगळा धंदाच तसा चालतो. पण इथे कॉलेजात अड्डा नाही आणि उस्तादही नाही. सुई धरायची ती आपणच. म्हणून तिन्हीपैकी एक तरी कलेक्शन पूर्ण तुझ्या हातचं असू दे, वाकडंतिकडं असलं तरी. आणि फसलेले नमुने फेकू नकोस. ज्या नमुन्यात रंग फुटला, ज्यात कापड चुण्या पडून आकसलं, ते वहीत चिकटवून खाली कारण लिही. इथे अंतिम स्वॉचइतकीच ती वही चाळतात, कधीकधी जास्तच.

हातानेच भरायचं म्हटलं की डिझाइनचा विचारही बदलतो. वीतभर तुकडा दाट भरायला मला तीन आठवडे लागले. मग कलेक्शन कसं उभं करायचं? पसारा प्रिंटकडे द्यायचा आणि टाका मोजक्या जागी. माझं शेवटचं कलेक्शन जकार्डच्या, म्हणजे मागावर नक्षी विणायला लागणाऱ्या पत्त्यांवर होतं. सोलापुरात चादरीच्या मागावर डोक्याशी टांगलेली, दोरीने ओवलेली, भोकं पाडलेली पुठ्ठ्याची माळ तू पाहिली असशील. त्या भोकांच्या ओळी स्क्रीनने छापल्या, हाफ ड्रॉप रिपीटमध्ये (पुन्हा पुन्हा येणारी नक्षी शेजारच्या रांगेत अर्धी खाली सरकवून), आणि दर रिपीटला फक्त एका ओळीत गाठीचा टाका घातला, म्हणजे जणू तेवढीच भोकं बुजली. पहिल्या प्रयत्नात ती ओळ नेमकी रिपीटच्या जोडावर आली आणि मीटरभर कापडावर फाटका पट्टा असल्यासारखी दिसायला लागली. टाका कुठे पडणार हे रिपीट बसवतानाच ठरवायला हवं, छापून झाल्यावर नाही. हे भारतात कुणी शिकवलं नव्हतं, कारण तिथे सगळंच भरून मिळत होतं.

रंगांची एक गंमत. मी घरून रिॲक्टिव्ह डायच्या, म्हणजे सुती कापडावरच्या पक्क्या रंगांच्या, सगळ्या रेसिपी वहीत लिहून आणल्या होत्या, आणि इथे रंग जास्तच उजळ यायला लागले. कारण पाणी. १८५९ पासून ग्लासगोला लॉख कॅटरिन या तळ्याचं पाणी येतं आणि ते अगदी मऊ आहे. आमच्या बोअरच्या जड पाण्यात रंग थोडा मळायचा, आणि त्याच मळकटपणाला मी माझी पॅलेट समजत होते! पहिल्याच महिन्यात सगळ्या छटांच्या पट्ट्या नव्याने करून घे. डिजिटल प्रिंटसाठी कापड आधी कोटिंग केलेलं लागतं, छापल्यावर वाफ आणि धुलाई. मशीनची वेळ आगाऊ बुक करावी लागते आणि सादरीकरणाच्या महिन्यात ती मिळत नाही. अर्ध्या वर्गाची रड हीच असते.

मोटिफबद्दल. कोयरी, मोर, वारली आणशील तर विचार करून आण. कोयरीला जगभर ज्या नावाने ओळखतात ते पेझली गाव ग्लासगोच्या अगदी शेजारी आहे. काश्मिरी शालींच्या नकला तिथल्या मागांवर एकोणिसाव्या शतकात विणल्या जायच्या. इथल्याच लेव्हन नदीच्या खोऱ्यातले कारखाने टर्की रेड नावाच्या लालभडक रंगात सुती कापड रंगवून-छापून भारतात पाठवायचे, त्यावर मोरसुद्धा असायचे. त्यांची नमुन्यांची पुस्तकं स्कॉटलंडच्या राष्ट्रीय संग्रहालयाकडे आहेत. म्हणजे 'पारंपरिक भारतीय मोर' म्हणून तू जो दाखवशील, त्याचा भाऊ इथे दीडशे वर्षांपूर्वी छापून गेलाय. मला वर्गात कोयरीबद्दल विचारलं तेव्हा "आमच्याकडे ती असतेच" याच्या पुढे बोलता आलं नाही. तुझ्या आजीच्या इरकलीच्या पदराबद्दल तुला दहा मिनिटं बोलता येत असेल तर तो आण, नाहीतर राहू दे.

आता रुक्ष भाग. स्टुडंट व्हिसावर सत्र चालू असताना आठवड्याला २० तास नोकरी चालते, पण स्वतःचा धंदा चालत नाही. म्हणजे फ्रीलान्स डिझाइन विकणं, ऑनलाइन दुकान, ओळखीतल्या कुणाची भरतकामाची ऑर्डर, सगळं बंद. तुझं इन्स्टाग्रामचं दुकान निघण्याआधी थांबव. नंतरच्या ग्रॅज्युएट व्हिसावर स्वतंत्र काम करता येतं, पण १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्या मास्टर्सवाल्यांना तो दोन वर्षांऐवजी १८ महिन्यांचाच मिळणार. लंडनबाहेर राहणाऱ्यांना खर्चासाठी महिना १,१७१ पौंड या हिशेबाने नऊ महिन्यांची रक्कम दाखवावी लागते आणि ती सलग २८ दिवस खात्यात हवी. मधे एक दिवस जरी खाली गेली तरी अर्ज अडतो. आरोग्य अधिभार वर्षाला ७७६ पौंड, तो वेगळा. स्क्रीन, कापड, धागा यांचा खर्च फीमध्ये धरू नकोस.

नोकरीबाबत गोड बोलत नाही. स्किल्ड वर्कर या नोकरीच्या व्हिसासाठी जुलै २०२५ पासून पगार वर्षाला साधारण ४१,७०० पौंड लागतो, नवशिक्यांना सवलतीत ३३,४०० चालतो, आणि कंपनीकडे स्पॉन्सरचा, म्हणजे परदेशी माणूस नेमण्याचा परवाना हवा. ज्युनिअर टेक्स्टाइल डिझायनरला सुरुवातीला तेवढा पगार सहसा कुणी देत नाही. प्रिंट स्टुडिओ तर बहुतेक चार-पाच माणसांचे. परवान्याच्या भानगडीत ते पडत नाहीत. माझा व्हिसा नवऱ्याच्या नोकरीवर आहे, हे इथे लपवण्यात अर्थ नाही. बाबांनी घर गहाण ठेवून कर्ज काढायचं ठरवलं असेल, तर फेडीचा हिशेब भारतातल्या पगारावर मांडून बघ. तो बसत असेल तरच ये. आणि आलीस तर ते १८ महिने मुंबईहून आणलेल्या ओळखींसकट वापर: इथले स्टुडिओ भारतातून भरतकाम करून घेतात, आणि अड्ड्यावर काय होऊ शकतं नि काय नाही हे समजणारं माणूस त्यांच्याकडे क्वचितच असतं. मला काम मिळालं ते यावरच.

सामान: शिलाई मशीन आणू नकोस, जुनी चांगली मशीनं इथे स्वस्तात मिळतात. लाकडी ठसे दोनच, ते फार जड होतात. धाग्याच्या लड्याही कशाला. आईच्या डब्यातला अँकर धागा ज्या कोट्स कंपनीचा, ती मूळची पेझलीचीच. आरीच्या सुया मात्र डझनभर आण, मुठीसकट, आणि केबिन बॅगेत नाही, चेक-इनच्या सामानात. मला इथे त्या जाडीच्या मिळाल्या नाहीत, अजूनही आईकडूनच मागवते.