आजोबांच्या ट्रंकेतला कप्तान ब्लाय

प्रश्न : आजोबा मुंबईच्या गोदीत कारकून होते. त्यांच्या ट्रंकेत एक इंग्रजी पुस्तक सापडलं. शीर्षकाचं पान गळून गेलंय. ब्रिटिश आरमाराच्या ‘बाउंटी’ जहाजावरच्या खलाशांच्या बंडाची हकिकत आहे, सांगणारा खुद्द कप्तान ब्लाय. जागोजागी ‘एस’ऐवजी ‘एफ’ छापलाय. पुस्तक खरंच जुनं असेल का? फाटलेली पानं चिकटपट्टीने जोडू का? – एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : चिकटपट्टी आधी कपाटात ठेवा. उमेदवारीच्या काळात मी एका जुन्या नकाशाला ती लावली होती; तिचे तपकिरी डाग पुढे कशानेच गेले नाहीत. गव्हाची पातळ खळ आणि जपानी टिश्यू कागद वापरणारा बाइंडर मिळेपर्यंत पानं स्वच्छ कागदात सुटी ठेवा.

तो ‘एफ’ नव्हे, लांब ‘एस’ आहे. नीट पाहा, आडवी रेघ डावीकडेच, तीही अर्धवट. शब्दाच्या शेवटी नेहमीचा ‘एस’ दिसेल. 1800च्या सुमारास लंडनच्या छापखान्यांतून हे अक्षर हद्दपार झालं. मात्र हुबेहूब नकलाही निघतात, म्हणून पानाच्या मागून बोट फिरवा. छपाईच्या खिळ्यांचा दाब हाताला लागला, तर आशा धरा.

आता मजकूर. ब्लायने ही कथा दोनदा छापली. 1790च्या पुस्तकात तो थेट पॅसिफिकमधल्या ताहिती बेटाहून निघतो आणि लगेच 28 एप्रिल 1789ची ती बंडाची पहाट येते. 1792चं पुस्तक जाडजूड. त्यात विलायतेतली तयारी, ताहितीहून न्यायची ब्रेडफ्रूटची (विलायती फणसाची) रोपं, सगळं सुरुवातीपासून आहे. तुमची प्रत कुठून सुरू होते?

होडीतला भाग सावकाश वाचा. बंडवाल्यांनी जहाजावरून उतरवलेली ब्लायसह 19 माणसं 23 फुटी होडीत. टोफुआ बेटावर एक जण मारला गेला, बाकीचे सुमारे 3,600 सागरी मैल कापून तिमोरला पोहोचले. ब्लायने नारळाच्या करवंट्यांचा तराजू केला आणि पिस्तुलाची गोळी वजन म्हणून वापरली. एका वेळचा पाव भरला पौंडाचा पंचविसावा भाग, म्हणजे जेमतेम 18 ग्रॅम! इतकी वर्षं ही पानं हाताळतोय, पण त्या तराजूपाशी मी अजून थांबतो.

तरी ब्लायच्या शब्दावर सगळा निवाडा करू नका. 1790 साली बंडवाल्यांपैकी कुणीच पकडला गेला नव्हता. बोलणारा एकटा तोच. ताहितीवर 14 जण पकडले गेले ते 1791मध्ये. त्यांना धरायला पाठवलेल्या ‘पँडोरा’ या ब्रिटिश जहाजाच्या डेकवर लाकडी पेटीवजा कोठडीत बेड्या घालून त्यांना कोंडलं आणि जहाज ऑस्ट्रेलियाजवळच्या प्रवाळात फुटलं, तेव्हा त्यांतले चौघे बुडाले. बंडाचा म्होरक्या फ्लेचर ख्रिश्चन याच्या भावाने, एडवर्डने, परतलेल्या खलाशांना गाठून त्यांची बाजू छापली, तेव्हा 1794 उजाडलं होतं. दोन्ही शेजारी ठेवून वाचा.

आणि शेवटच्या पानाचा आकडा कळवा. 1790ची लंडन प्रत 88 पानांची आहे.