एका चौकटीत नऊ कीटन

प्रश्न : अमेरिकी विनोदी नट-दिग्दर्शक बस्टर कीटनच्या ‘द प्लेहाऊस’ (१९२१) या मूकपटात नऊ कीटन एका ओळीत दिसतात. हे कसं चित्रित केलं? आणि रंगमंचावर कोलांट्या मारणाऱ्या कीटनला हे तंत्र कुठून आलं?

उत्तर : सगळं कॅमेऱ्यातच झालं. छायाचित्रकार एल्जिन लेसलीने भिंगापुढे काळी पेटी बसवली, तिला उभ्या पट्ट्यांची नऊ झाकणं. एक झाकण उघडायचं, कीटनने तेवढ्या जागेत काम करायचं, झाकण लावून फिल्म सुरुवातीच्या खुणेपर्यंत उलटी गुंडाळायची, मग शेजारचं झाकण. एकाच निगेटिव्हवर नऊ फेऱ्या. कॅमेरा केसभर जरी हलला तरी पट्ट्यांच्या सांध्यावर रेघ दिसते. नववी फेरी बिघडली तर आधीच्या आठही वाया.

त्यात कॅमेरा हाताने फिरवायचा. हात मंदावला की चौकटीवर प्रकाश जास्त पडतो, म्हणजे ती पट्टी उजळ आणि तिथली हालचाल भरभर. शिवाय दोन कीटन जोडीने नाचतात तिथे पावलं जुळायला हवीत. त्यासाठी कीटन बॅन्जो या तंतुवाद्याच्या तालावर नाचला. लेसलीचा स्थिर हात नसता तर हा चित्रपट झालाच नसता, असं आम्हाला ठामपणे वाटतं.

अचूकपणा मात्र रंगमंचाचाच. ‘थ्री कीटन्स’ या घरच्या खेळात वडील लहानग्या बस्टरला उचलून फेकत. धरायला सोपं जावं म्हणून त्याच्या कपड्यांना पाठीवर मूठ शिवलेली असे. दर खेळाला नेमकं कुठे आणि कसं पडायचं, हे तिथे अंगात मुरलं. १९१७ साली न्यूयॉर्कमध्ये विनोदी नट रॉस्को आरबकलच्या चित्रपटात काम मिळताच त्याने कॅमेऱ्याची रचना आतून समजून घेतली. पुढे ‘स्टीमबोट बिल ज्युनियर’मध्ये (१९२८) घराची खरी, जड दर्शनी भिंत त्याच्यावर कोसळते आणि तो उघड्या खिडकीतून वाचतो. त्याच्या शरीराभोवती जेमतेम दोन इंच मोकळी जागा होती. पाय ठेवायची खूण चुकली असती तर जीवच गेला असता. असा प्रसंग तो दुरून, पूर्ण शरीर दिसेल असा आणि न तोडता घेई, कारण जवळून किंवा तुकड्यांत घेतलं तर धोका खरा आहे हे प्रेक्षकाला पटत नाही.

प्रश्न : मग त्याचं दिग्दर्शन का थांबलं?

उत्तर : १९२८ साली तो एमजीएम या हॉलिवूडमधल्या बड्या स्टुडिओत गेला. स्वतःच्या स्टुडिओत तो सुरुवात आणि शेवट ठरवून मधलं सेटवर रचत असे. नव्या ठिकाणी पटकथा आधी लिहून मंजूर करून घ्यावी लागे. त्याची पद्धत तिथे बसलीच नाही.