मागाची गोष्ट

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र दोनदा वाचले. औषधचाचण्यांच्या आकड्यांची टेबले सॅस या प्रोग्रामिंग भाषेत करण्यात सात वर्षे घालवल्यावर आता आर ही दुसरी भाषा शिकायला सांगतात, टेबलांचा कोड तर यंत्रच लिहून देते, मग आपल्याकडे उरते काय, असे तू विचारतोस. आर शीक, त्यावर शाई खर्च करत नाही. आर कन्सॉर्शियम या आरच्या पाठीशी असलेल्या संस्थेने 2021 मध्ये आरमधले प्रायोगिक सबमिशन, म्हणजे औषधाच्या मंजुरीसाठी पाठवतात तसे विश्लेषण, अमेरिकेची औषध नियामक संस्था एफडीएकडे पाठवले, तेव्हाच सॅस की आर हा वाद माझ्यापुरता मिटला. मी स्वतः उशिरा शिकले, कारण हातातले काम सोडवत नव्हते. बरे, थोडा आळसही होता.

पण तुझा प्रश्न भाषेचा नाहीच. टेबलातल्या प्रत्येक आकड्याचा माग रुग्णाच्या मूळ नोंदीपर्यंत लावता येतो का, एवढेच मी विचारीन.

एका अभ्यासात एका रुग्णाच्या त्रासाची तारीख अर्धीच होती: महिना मार्च, दिवस कोरा. कोरा दिवस म्हणजे 1 तारीख धरावी, असे आमच्या स्पेकमध्ये, म्हणजे कोड कसा लिहायचा त्या लेखी नियमांत, होते. त्या रुग्णाचा पहिला डोस 12 मार्चचा, त्यामुळे तो त्रास औषधाआधीचा ठरला आणि उपचारकाळातील प्रतिकूल घटनांच्या टेबलातून गळाला. क्यूसी, म्हणजे काम पडताळण्याचे काम, करणाऱ्याने कोड स्वतंत्र लिहिला, पण स्पेक तोच वाचला. दोघांचे निकाल ताडून पाहणाऱ्या सॅसच्या प्रोक कंपेअरमध्ये एकही फरक निघाला नाही. लिस्टिंग, म्हणजे रुग्णागणिक नोंदींची यादी, चाळताना ती ओळ मला खटकली होती. स्पेक मंजूर झालेला आहे, आपण कोण बोलणार, म्हणून मी गप्प राहिले. अहवालाचा मसुदा हातात आल्यावर ती चूक एका डॉक्टरांनी पकडली. वेळापत्रक फार घट्ट होते, हे आजही मी स्वतःला सांगते आणि आजही ते मला पटत नाही.

आता यंत्राला तोच स्पेक दिलास, तर तेही 1 तारीखच धरील, आणि तुझ्यापेक्षा लवकर धरील. म्हणून पुन्हा सांगते: माग लाव. अडॅममधून, म्हणजे विश्लेषणासाठी तयार केलेल्या डेटामधून, एसडीटीएममध्ये, म्हणजे ठरावीक साच्यात मांडलेल्या गोळा केलेल्या डेटामध्ये, तिथून रुग्णाची माहिती भरतात त्या केस रिपोर्ट फॉर्मच्या पानापर्यंत. औषध मध्येच सोडलेल्या रुग्णांची पुढची मापे धरायची की नाही, हे संख्याशास्त्रज्ञ ठरवत असतात, त्या बैठकीत बस. औषधचाचण्यांच्या संख्याशास्त्रावरील आयसीएच ई9 या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिकेच्या 2019 च्या पुरवणीनंतर हा प्रश्न अभ्यासाच्या आराखड्यातच सोडवायचा असतो, तरी कोणी बोलावण्याची वाट का पाहतोस?

पुढच्या पत्रात आर किती झाले ते कळवू नकोस. कुठल्या आकड्याचा माग कुठे तुटला ते लिही. रुग्णाचा क्रमांक मात्र लिहू नकोस.