हात दोनच, पोरं दोन: एकटीने विमानप्रवास

या महिन्याच्या टपालात सुटीच्या प्रवासाचे प्रश्न जास्त आहेत, आणि त्यातले बहुतेक एकट्या आईचे किंवा एकट्या बाबाचे. निवडक प्रश्नांना इथे उत्तरं देत आहोत.

प्रश्न: मुलगी चार वर्षांची, मुलगा दहा महिन्यांचा. नवरा बंगळूरला. दोघांना घेऊन मला नाशिकच्या ओझर विमानतळावरून एकटीने जायचंय. सामान, सिक्युरिटी, सीट, सगळ्याचीच धास्ती वाटते. कुठून सुरुवात करू?
(एक वाचक, इंदिरानगर)

उत्तर: बॅगा मोजण्याआधी हात मोजा. धाकटा बाळाच्या कॅरियरमध्ये, म्हणजे छातीशी बांधलेला. पाठीवर एक सॅक. मग एका हातात मुलीचा हात, आणि दुसरा हात मोकळा. तो मोकळाच राहिला पाहिजे. तिकीट, ओळखपत्र, शिडीचा कठडा, सांडलेलं पाणी, सगळं त्याच हाताने होणार आहे. त्यामुळे चाकांची केबिन बॅग, खांद्यावरून घसरणारी पर्स आणि ‘ही एक छोटी पिशवी असू दे’ या तिन्ही गोष्टी घरीच राहू द्या. पर्समधलं सगळं सॅकच्या वरच्या कप्प्यात.

बाकीचं सामान चेक-इनला टाका. देशांतर्गत प्रवासात साधारणपणे माणशी १५ किलो चेक-इन आणि ७ किलो केबिन सामान मिळतं. मुलीचं पूर्ण तिकीट असल्यामुळे तिच्या वाट्याचे १५ किलोही तुमचेच. दोन वर्षांखालच्या बाळाला सीट नसते, ते मांडीवर बसतं. त्याच्या सामानाची मुभा कंपनीप्रमाणे बदलते, तिकिटावर बघून घ्या.

तिकीट तिघांचं एकाच पीएनआरवर, म्हणजे एकाच बुकिंग क्रमांकावर काढा. बारा वर्षांपर्यंतच्या मुलाला त्याच पीएनआरवरच्या आई-बाबांपैकी एकाच्या शेजारी सीट द्यावी, अशी डीजीसीएची, म्हणजे सरकारच्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची, २०२४ पासून सूचना आहे. वेगवेगळी तिकिटं काढलीत तर हा आधार जातो. मांडीवरच्या बाळासोबतची सीट कुठलीही चालत नाही. प्रत्येक रांगेत एका बाजूला एकच जादा ऑक्सिजन मास्क असतो, म्हणून त्या बाजूला एकच बाळ बसवतात. शिवाय आपत्कालीन दाराची रांग लहान मुलांना बंद. सीट ऑनलाइन निवडली असली तरी काउंटरवर ‘बाळ मांडीवर आहे’ हे तोंडाने सांगा. नाहीतर विमानात चढल्यावर उठून दुसरीकडे बसायची वेळ येते.

छोट्या मार्गांवर कधी कधी एटीआर हे पंख्याचं विमान असतं. तुमच्यासारख्यांना ते खरं तर सोयीचं. त्यात दोन-दोन सीटची रांग असते, म्हणजे मुलगी खिडकीशी, तुम्ही कडेला आणि मध्ये परकं कुणी नाही. प्रवाशांचं दार मागच्या बाजूला असतं, म्हणून मागची सीट घ्या; बाळ घेऊन सगळं विमान चालत जावं लागत नाही. वरचे कप्पे मात्र लहान असतात, फुगलेली सॅक बसत नाही. मोठ्या विमानात तीन-तीन सीट असतील तर मुलगी खिडकीशी आणि तुम्ही मध्ये. मुलीला कडेला बसवू नका: जाणाऱ्या ट्रॉलीत बोटं सापडतात आणि गरम चहा डोक्यावरून जातो. तुम्ही स्वतः कडेला असाल तर त्याच कारणाने बाळाचं डोकं खिडकीकडे ठेवा.

आता सिक्युरिटी. इथे गोंधळ होतो तो क्रम चुकल्यामुळे. रांगेत असतानाच मोबाइल, पॉवर बँक, घड्याळ सॅकच्या एका कप्प्यात काढून ठेवा. स्ट्रोलर (बाबागाडी) असेल तर तो घडी करून एक्स-रे यंत्राच्या पट्ट्यावर जातो आणि बाळाला कॅरियरमधून काढावं लागतं. म्हणून कॅरियर एका हाताने सुटणारा हवा, घरी चार वेळा सोडून-बांधून बघा. आधी सामान ट्रेमध्ये, मग मुलगी एकटी तपासणीच्या धातुशोधक दारातून, मग तुम्ही बाळाला हातात घेऊन. बायकांची तपासणी पडद्याआड होते, तिथे मुलीलाही सोबत आत घ्या. नाडीचे बूट दोघींनीही टाळा. बाळाचं दूध, पेज, गरम पाणी नेता येतं. ‘हे बाळाचं आहे’ असं आधीच सांगून वेगळं काढून ठेवा. कधी कधी थोडं चाखून दाखवायला सांगतात.

ओझरसारख्या छोट्या विमानतळावर शिडीने चढायचं असतं. त्यामुळे स्ट्रोलर नेलात तरी शिडीपाशी तो घडी करून द्यावा लागतो, आणि ती घडी एका हाताने होत नसेल तर तिथेच रांग अडते. ओझरपुरता आम्ही म्हणू, स्ट्रोलर घरी ठेवा. मुंबईसारख्या मोठ्या टर्मिनलवर मत उलट.

आणि एक. सॅक वरच्या कप्प्यात जाण्याआधी तिच्यातून एक छोटी पिशवी काढून समोरच्या खिशात ठेवा: १ डायपर, ओले टिश्यू, एक दुपटं, एक खाऊ, दुधाची बाटली, एक खेळणं. उड्डाणावेळी सीटच्या पट्ट्याचा दिवा लागला की बराच वेळ उठता येत नाही, आणि बाळाला नेमकी तेव्हाच भूक लागते. डायपरचा हिशोब दारापासून दारापर्यंतच्या प्रवासावर करा, दर दोन तासांना एक आणि वर तीन जादा. कपडे बाळाचे दोन जोड, मुलीचा एक आणि तुमचा एक कुर्ता. हा शेवटचा सगळे विसरतात, आणि ओकारी होते ती आईच्याच खांद्यावर.

मांडीवरच्या बाळासाठी एअर होस्टेस वेगळा छोटा पट्टा देते, तो तुमच्या पट्ट्यात अडकतो. उड्डाण आणि उतरताना बाळ कॅरियरमध्ये ठेवू देत नाहीत, ते या पट्ट्यातच हवं. तुमच्या पट्ट्यात बाळाला गुंडाळू नका. धक्का बसला तर तुमचा सगळा भार त्याच्यावर येतो.

प्रश्न: जुळी मुलं, १४ महिन्यांची. एकटी हैदराबादला नेऊ शकते का?
(सिडको)

उत्तर: दोघं मांडीवर घेऊन, नाही. एका मोठ्या माणसामागे मांडीवरचं एकच बाळ हा नियम आहे, आणि पट्टा व मास्क यांचा विचार केला तर तो योग्यही आहे. सोबत १८ वर्षांवरचं कुणीतरी घ्या: आई, नणंद, कॉलेजात जाणारी भाची, कुणीही. दोघींच्या सीट बहुधा पुढे-मागे किंवा पलीकडच्या बाजूला येतील, कारण एका बाजूला एकच जादा मास्क.

प्रश्न: जाताना मुलगा एक वर्ष अकरा महिन्यांचा, परतताना दोन पूर्ण. तिकीट कसं?
(गंगापूर रोड)

उत्तर: वय प्रत्येक प्रवासाच्या तारखेला मोजतात. जाताना मांडीवर, येताना स्वतःची सीट. जन्मदाखला सोबत ठेवा. वयाचा पुरावा नसेल तर मांडीवरच्या बाळाचंही पूर्ण भाडं लावू शकतात.

प्रश्न: तीन वर्षांच्या मुलीचे कान गेल्या वेळी उतरताना फार दुखले. विमान चढतानापेक्षा उतरताना जास्त का दुखतं? काय करावं?
(एक बाबा, सातपूर)

उत्तर: विमानातल्या हवेचा दाब ६,००० ते ८,००० फूट उंचीवर असतो तितका ठेवतात. कळसूबाईचं शिखर साधारण ५,४०० फूट. म्हणजे मूल खुर्चीत बसल्या बसल्या कळसूबाईच्याही वर जाऊन येतं. चढताना कानातली हवा घशाकडे जाणाऱ्या नळीतून आपोआप बाहेर पडते. उतरताना बाहेरचा दाब वाढतो, हवा उलट आत यावी लागते, आणि मऊ नळी तेव्हा चिकटून बंद होते. लहान मुलांची ती नळी अरुंद आणि आडवी असते, म्हणून त्यांना जास्त त्रास.

नळी उघडते गिळताना. त्यामुळे गिळायला लावा, आणि वेळेवर. ‘आपण उतरत आहोत’ ही घोषणा होते तोवर कधी कधी बरंच उतरून झालेलं असतं. तिकिटावरच्या पोहोचण्याच्या वेळेतून ३० मिनिटं वजा करा आणि तेव्हापासून घोट घोट पाणी स्ट्रॉने द्या. अंगावर पिणाऱ्या बाळाला तेव्हाच पाजा, म्हणजे त्याआधी पोट फार भरलेलं नको. मूल झोपलेलं असेल तर उठवा. झोपेत गिळणं फार कमी होतं. जिवावर येतं, पण रडत उठण्यापेक्षा बरं.

सर्दी असेल तर निघण्याआधी डॉक्टरांना कान दाखवाच. कानात जंतुसंसर्ग असेल तर ते प्रवास पुढे ढकलायला सांगतील. मिठाच्या पाण्याचे नाकाचे थेंब बंद नाक मोकळं व्हायला उपयोगी पडतात. कानात कापूस घालून मात्र काही होत नाही. दाबाचा खेळ पडद्याच्या आतल्या बाजूला असतो.

दाबाची आणखी एक गंमत: स्ट्रॉचं सिपर वर गेल्यावर उघडलं की पाणी कारंज्यासारखं उडतं. झाकण आधी किंचित सैल करा, मग स्ट्रॉ वर काढा.

प्रश्न: सून दोन नातवंडांना घेऊन एकटी निघाली आहे. सोबत खायला काय देऊ? आणि शेजारीण म्हणते, झोपेचं सिरप थोडं पाजलं की मुलं शांत राहतात. खरं का?
(एक आजी, पंचवटी)

उत्तर: सिरपचं आधी. नको. सर्दीचं किंवा उलटीचं औषध झोप यावी म्हणून देणं धोक्याचं आहे. प्रोमेथाझिन असलेलं औषध दोन वर्षांखाली वर्ज्यच, कारण श्वास मंदावू शकतो. शिवाय काही मुलं त्या औषधाने झोपण्याऐवजी पिसाटतात, आणि तेव्हा ती पट्ट्यात बांधलेली असतात.

खाऊ कोरडा, बिनतिखट आणि कमी चुरा होणारा. दशमी, गुळाची पोळी, तुपात परतलेले मखाणे, मुरमुरे. बाळासाठी नाचणीचं सत्त्व कोरडंच न्यावं आणि थर्मासमधल्या गरम पाण्यात कालवावं. दूध पावडर प्रत्येक वेळेची वेगळ्या डबीत मोजून. कालवलेलं दूध दोन तासांत संपलं नाही तर टाकून द्यावं. विमानात मिळणारं गरम पाणी फार कडक असतं, हातावर थेंब टाकून बघायचं.

द्राक्षं आपल्या गावची, द्यावीशी वाटणारच. पाच वर्षांखाली ती अख्खी देऊ नका, उभी चिरून चार फोडी करा. गोल द्राक्ष घशात बूच बसल्यासारखं अडकतं, आणि अरुंद सीटवर मुलाला पालथं घालून पाठीत थापट्या मारायलाही जागा नसते. शेंगदाणे, फुटाणे, चिक्की याच कारणाने नको.

लोणचं हातातल्या बॅगेत अडवतात, ते चेक-इनमध्ये घट्ट बांधून द्या. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या मात्र चेक-इन सामानातही चालत नाहीत. त्यात तेल भरपूर असतं आणि ते आपोआप तापून पेट घेऊ शकतं. पॉवर बँकचं उलट: ती हातातल्याच बॅगेत.

प्रश्न: मुंबईहून पहाटे चारचं दुबईचं विमान आहे. सोबत सहा वर्षांचा मुलगा आणि दीड वर्षाची मुलगी. नाशिकरोडहून कधी निघू? कागदपत्रं कोणती? मिस्टर सोडायला येतील, पण सोबत नाहीत.

उत्तर: मिस्टरांची मदत टर्मिनलच्या दारापर्यंतच, तिकिटाशिवाय आत सोडत नाहीत. म्हणून दाराबाहेरच ट्रॉली भरून घ्या, मुलीचं डायपर बदला, कॅरियर बांधा, मग आत जा. पासपोर्ट गळ्यातल्या छोट्या पाकिटात ठेवा, आत ते पुन्हा पुन्हा काढावे लागतात. दीड वर्षाची मुलगी ट्रॉलीवर सामानाच्या ढिगावर बसवू नका.

तीन तास आधी म्हणजे रात्री एकला पोहोचायचं. नाशिकहून आठला निघा. जून २०२५ पासून समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा ७६ किलोमीटरचा टप्पा खुला झाल्याने कसारा घाट टळतो. गाडी लागणाऱ्या मुलांना हा मोठाच दिलासा. पण वाचलेला वेळ आमण्याच्या पुढे भिवंडी-ठाण्यात ट्रकच्या रांगेत जाऊ शकतो, तो हिशोबात धरा. महामार्गावर चढल्यावर हवं तिथे थांबता येत नाही, म्हणून जेवण, शू, डायपर सगळं घोटी-इगतपुरीला उरका. जेवण हलकं, दहीभात किंवा मेतकूट-भात.

कागदपत्रांत चुकतं ते मुलांच्या पासपोर्टचं. मोठ्यांचा पासपोर्ट दहा वर्षांचा, लहान मुलांचा पाचच. आपला चालू आहे म्हणून मुलाचाही असेल असं धरून चालतात. प्रवासाच्या तारखेपासून तो किमान सहा महिने चालू हवा. तुमच्या पासपोर्टवर माहेरचं आडनाव असेल तर मुलांचे जन्मदाखले, इंग्रजीतले, सोबत ठेवा. मिस्टरांचं संमतिपत्र नोटरी करून न्या: दोन्ही मुलांची नावं, पासपोर्ट क्रमांक, जाण्या-येण्याच्या तारखा, दुबईतला पत्ता, त्यांचा फोन, आणि सोबत त्यांच्या पासपोर्टची प्रत. दरवेळी विचारतील असं नाही. विचारलं तर पहाटे दोनला नोटरी सापडत नाही.

पाळण्याची सोय लांबच्या मार्गांवरच्या मोठ्या विमानांत, पुढच्या भिंतीच्या रांगेत असते. वजनाची मर्यादा साधारण १० ते ११ किलो. दीड वर्षाची मुलगी त्यात बहुधा मावणार नाही. तिच्यासाठी सीट परवडत असेल तर घ्या. पहाटेच्या विमानात झोपलेलं मूल तीन तास मांडीवर, आणि दुसऱ्याला शू लागलेली, हा प्रसंग येतोच. तेव्हा मुलीला कॅरियरमध्ये बांधूनच मुलासोबत जा. तिथल्या फ्लशचा आवाज मोठा असतो. मुलाला आधी बाहेर काढा, झाकण लावा, मग बटण दाबा. एकदा घाबरला की परतीच्या प्रवासात शू दाबून बसेल.

प्रश्न: मी एकटा बाबा. चार वर्षांच्या मुलीला विमानतळावर कुठल्या स्वच्छतागृहात नेऊ?
(देवळाली कॅम्प)

उत्तर: मोठ्या विमानतळांवर बाळांसाठी वेगळी खोली असते, ती बाबांनाही खुली असते, दारावर आईचं चित्र आहे म्हणून मागे फिरू नका. ती नसेल तर अपंगांसाठीचं स्वच्छतागृह, आत जागाही भरपूर. तेही नसेल तर पुरुषांच्या स्वच्छतागृहात तिला कडेवर घेऊन थेट आतल्या बंद दाराच्या भागात जा. बाहेर उभी करून ‘इथेच थांब’ म्हणू नका. विमानात हा प्रश्न येत नाही, तिथे सगळ्यांना एकच.