वेल्डिंग की भट्टी?

"ताई, गाडी दुरुस्त करू का बदलू, एवढंच सांगा. बाकी आमचं सगळं बरं चाललंय."

गेल्या पावसाळ्यात कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत बसता बसता एक गृहस्थ असं म्हणाले आणि शेजारी बसलेल्या त्यांच्या बायकोनं, म्हणजे वहिनींनी, खिडकीकडे तोंड फिरवलं. "बाकी बरं चाललंय" असं कुणी म्हटलं की मी लिहायचं थांबवते आणि ऐकायला लागते.

या दोघांच्या परवानगीनं, ओळख पटेल ते सगळं वगळून, हे लिहिते आहे. जुन्या गाडीचा प्रश्न घेऊन माझ्याकडे येणारे ते पहिले नव्हेत. कधी वडिलांची बुलेट असते, कधी हौसेनं घेतलेली स्पोर्ट्स कार. मिस्त्री एक सांगतो, मित्र दुसरं सांगतात, आणि घरात रोज त्यावरून धुसफूस होते.

हे गृहस्थ चोपन्न वर्षांचे, शिरोली एमआयडीसीत त्यांची फौंड्री, म्हणजे लोखंड ओतायचा कारखाना. मी त्यांना दादा म्हणते. गाडी २००८ची, जर्मन बनावटीची, दोन सीटची, सुपरचार्जर लावलेलं १.८ लिटरचं इंजिन. बटण दाबलं की पत्र्याचं छप्पर आपोआप दुमडून डिकीत जातं. २०१६ साली त्यांनी ती मुंबईहून सेकंड हँड आणली. त्यांचे वडील, तात्या, उद्यमनगरात मोल्डर म्हणून कामाला लागले होते, त्यांनी पहिल्या दिवशी बॉनेटवर हात ठेवला आणि एवढंच विचारलं, "ह्याचं झाकण निघतंय व्हय रं?" मग रविवारी सकाळी बापलेक वाघबीळमार्गे पन्हाळ्याला, झाकण काढून. २०२१ साली तात्या गेले.

हे सांगताना दादांचा आवाज बसला. वहिनी त्यांच्याकडे बघत राहिल्या. हे सगळं इतकं सलग त्यांनीही पहिल्यांदाच ऐकलं असावं.

मग गाडीच्या तक्रारी आल्या. सकाळी थंड इंजिन चालू केलं की दोन-तीन सेकंद खडखड आवाज, मग बंद. मिस्त्रीचं म्हणणं, इंजिनातली टायमिंग चेन ताणली आहे आणि वरच्या चक्राचे दाते झिजले आहेत. चेन दाते सोडून पुढं सरकली, तर या इंजिनात व्हॉल्व पिस्टनला भिडू शकतात आणि मग साधी दुरुस्ती उरत नाही, कधीकधी इंजिनच नवं. छपराच्या हायड्रॉलिक सिलिंडरमधून तेल झिरपत होतं. ब्रेकच्या डिस्क झिजलेल्या, सस्पेंशनचे बुश फुटलेले. टायर २०१७चे. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे, हे मलाही दादांनीच शिकवलं. नक्षी शाबूत, पण रबर दगड झालेलं.

"किलोमीटर फक्त अठ्ठावन्न हजार झालेत, ताई!" हे ते मला तीनदा म्हणाले. त्यावर त्यांच्या मिस्त्रीनं दिलेलं उत्तर त्यांनीच सांगितलं, "उभ्या गाडीचंबी वय वाढतंय, दादा." रबर, सील, नळ्या यांना किलोमीटर कळत नाहीत, वर्षं कळतात.

मी विचारलं, "आतापर्यंत किती घातले?"

"असतील दीड-दोन लाख."

वहिनी पहिल्यांदा बोलल्या. "घरातून दीड-दोन. फौंड्रीच्या खात्यातून किती, ते विचारा."

त्या शाळेत शिकवतात. कपाटात कपड्यांच्या घडीत त्यांना गॅरेजचं एक बिल सापडलं होतं. त्यांचा राग रकमेवर नव्हताच. "चोरून का?" एवढाच त्यांचा प्रश्न होता. संस्थानची जुनी मेबॅक गाडी बघायला आपण दसऱ्याला लेकरांना घेऊन दसरा चौकात उभे राहतो, मला काय जुन्या गाडीचं वावडं आहे, असं त्या म्हणाल्या. हे दादांना अनपेक्षित होतं. आपल्या बायकोला ही गाडी डोळ्यासमोर नको आहे, असं त्यांनी चार वर्षं धरून ठेवलं होतं.

पुढच्या भेटीला मी दोन गोष्टी आणायला सांगितल्या. एक, सगळी बिलं, सगळी म्हणजे सगळी. दुसरी, गाडीची तपासणी अशा माणसाकडून, ज्याला ही दुरुस्ती मिळणार नाही. पैसे देऊन फक्त बघून घ्यायचं. गाडी रॅम्पवर उघडून पडलेली असताना आणि वस्ताद हातात पाना घेऊन "करू का?" म्हणत असताना कुणालाही नाही म्हणता येत नाही. दादांची चार वर्षं अशीच गेली होती. एकेक एस्टिमेट आलं, एकट्यानं हो म्हटलं आणि घरी येऊन गप्प बसले. कुठलंच एस्टिमेट एकटं मोठं नव्हतं, आणि सगळी मिळून बेरीज कधी झालीच नव्हती.

बेरीज झाली तेव्हा ती ४ लाख ७० हजार निघाली. खोलीत बराच वेळ कुणी बोललं नाही. दादा म्हणाले, "एवढे घातलेत म्हणूनच सोडवत नाही, ताई. आता विकली तर ते पाण्यात."

मी त्यांना त्यांच्याच कामातलं विचारलं. कास्टिंग, म्हणजे ओतलेला भाग, रिजेक्ट झालं की काय करता?

"फोडून परत भट्टीत."

"लोखंड परत मिळतं. त्यावर गेलेली वीज?"

"ती गेली." मग थांबून म्हणाले, "गेलीच की."

पण मला आणखी एक विचारायचं होतं. सगळंच फोडता का? तर नाही. काही कास्टिंगला वेल्डिंग करून वाचवता येतं. कसं ठरवता? इथं दादा खुलले. दहा मिनिटं त्यांनी मला ब्लोहोल, श्रिंकेज असे ओतकामातले दोष, गिऱ्हाईक कोण, पार्ट कुठं बसणार, सगळं समजावलं. पंपाची बॉडी असेल, छिद्र बिनमहत्त्वाच्या जागी असेल आणि गिऱ्हाईक मान्य करत असेल, तर वेल्डिंग. ब्रेक ड्रम असेल तर हात लावायचा नाही, सरळ भट्टी. "तिथं माणूस मरतंय, ताई."

मी कागद पुढं केला. म्हटलं, गाडीची यादी अशीच मांडा. ब्रेक ड्रम कुठले, पंपाच्या बॉडी कुठल्या.

त्यांनी लिहिलं. चेन, चक्रं आणि मजुरी १ लाख ८५ हजार. टायर ७० हजार. ब्रेक ५५. बुश ४०. हे सगळं ब्रेक ड्रमच्या बाजूला. छपराच्या सील ६० हजार आणि मानेशी गरम हवा सोडणारा सीटमधला ब्लोअर ४५ हजार, हे दुसरीकडे. एकूण ४ लाख ५५ हजार. पुण्याचा एक डीलर गाडी आहे तशी ८ लाखाला घ्यायला तयार होता.

आणि बदलायची म्हणजे? त्यांनी मुंबईत सहा-सात वर्षं जुनी दोन सीटची गाडी बघून ठेवली होती, ४२ लाखांची. २५ लाखांचं कर्ज पाच वर्षांसाठी, ११ टक्क्यांनी, म्हणजे महिना साधारण साडेचोपन्न हजारांचा हप्ता. "बघा," ते म्हणाले, "सगळी दुरुस्ती एका वर्षाच्या हप्त्यापेक्षा कमी आहे. मग दुरुस्तीच की!"

हिशोब बरोबर होता आणि तरी मला तो पटला नाही. ४२ लाखांच्या शेजारी ठेवलं की काहीही स्वस्तच दिसतं. तिसरा रस्ता त्यांनी कागदावर येऊच दिला नव्हता, तो म्हणजे गाडी विकायची आणि दुसरी घ्यायची नाही. म्हणून मी विचारलं, "समजा, आज ही गाडी तुमच्याकडे नाही आणि हातात ८ लाख रोख आहेत. त्यात साडेचार घालून, साडेबारा लाखांना तुम्ही हीच गाडी घ्याल का?"

त्यांनी उत्तर दिलं नाही. मीही घाई केली नाही. ती बैठक तिथंच संपवली.

मध्येच दुसऱ्या एका तरुणाबद्दल सांगते, कारण त्याचं उत्तर उलटं होतं. इचलकरंजीचा. महापुरानंतर पडत्या किमतीत स्पोर्ट्स कार मिळाली म्हणून खूश झाला होता. वर्षभरात आज खिडकी बंद, उद्या सेन्सर, परवा गाडी चालूच होईना. सीटच्या रुळांखाली गंज होता, आणि सीटबेल्ट पूर्ण ओढून काढला तर शेवटच्या टोकाला चिखलाची रेघ. कनेक्टरमध्ये एकदा पाणी गेलेल्या गाडीची दुरुस्ती कुठं संपेल, हे चांगला मिस्त्रीही सांगू शकत नाही. तिथं मी हिशोबाच्या भानगडीत पडले नाही. विक, पुराचं पाणी लागलंय हे घेणाऱ्याला सांगून विक आणि रात्री झोप, असं स्पष्ट म्हटलं. समुपदेशकानं सल्ला देऊ नये असं शिकवतात, मी दिला. म्हणून दादांनाही मी पहिल्याच दिवशी विचारलं होतं, २०१९च्या महापुरात गाडी कुठं होती? ताराबाई पार्कात, उंचावर, कोरडी. तटस्थ मिस्त्रीनंही तेच सांगितलं. वायरिंग स्वच्छ, चासीला गंज नाही. आणि चेनबद्दल, वरचं कव्हर काढून दाते बघितले, खरंच झिजलेत, चालवू नका. पहिल्या गॅरेजनं फसवलेलं नव्हतं, हे कळल्यावर दादांच्या मनावरचं अर्धं ओझं उतरलं.

तिसऱ्या भेटीला दोघं आले तेव्हा वहिनींच्या हातात शंभर पानी वही होती. साडेबारा लाखांच्या प्रश्नाचं उत्तर दादांनी घरीच दिलं होतं, आणि ते "नाही" असं होतं. नुसती गाडी म्हणून घेतली नसती. पण तात्या बसलेली सीट दुसऱ्या कुठल्याच गाडीत नाही, त्या सीटसाठी हे पैसे आहेत आणि तसंच म्हणून खर्चायचे, गुंतवणूक किंवा बचत असलं काही नाव द्यायचं नाही, असं दोघांनी ठरवलं. मला हे फार बरं वाटलं. आठवणीसाठी पैसे खर्च करण्यात काही गैर नाही. फक्त तो खर्च आठवणीच्या नावानं लिहिलेला असावा, घरात सगळ्यांना दिसेल असा.

ब्रेक ड्रमची बाजू पूर्ण करायची ठरली. छपराचं दादा सोडून द्यायला तयार होते. वहिनींनी अडवलं. "झाकण निघत नसेल तर तात्यांची गाडी कशी ती?" मानेचा ब्लोअर मात्र कटाप. म्हणजे ४ लाख १० हजार. गाडीची १५ वर्षांची नोंदणी २०२३ला संपून पुढच्या ५ वर्षांसाठी नूतनीकरण झालेलं होतं, म्हणून पुन्हा विचार थेट २०२८ला. तोवर वर्षाला एक लाखाच्या वर नाही, आणि इंजिन परत उघडायची वेळ आली तर चर्चा न करता विकायची. हे सगळं वहिनींनी वहीत लिहिलं आणि दादांची खाली सही घेतली, डिलिव्हरी चलनावर घेतात तशी.

दसऱ्याच्या आधी काम झालं. बिल ठरल्यापेक्षा चौदा हजारांनी जास्त आलं, चेनबरोबर ती ताणून धरणाऱ्या टेन्शनरशेजारचं एक गाईडही बदलावं लागलं होतं. वहिनींनी मला फोन करून सांगितलं की दादांनी गॅरेजमधूनच, गाडी ताब्यात घेण्याआधी, त्यांना बिलाचा फोटो पाठवला आणि खाली विचारलं, "चौदा वाढलेत. देऊ का?"