रीमर हातात घेण्याआधी

नाशिकच्या सातपूर-अंबडच्या वर्कशॉपमध्ये नवी पोरं रीमरला, म्हणजे ड्रिल केलेलं होल किंचित कापून नेमक्या मापाला आणणाऱ्या टूलला, ड्रिलसारखंच दामटतात आणि होल मोठं झालं की रीमरला नावं ठेवतात. अरे, रीमर होल सरळ करत नाही, तो आधीच्या होलमागूनच जातो. ड्रिल तिरकं गेलं तर काम तिथंच बिघडलं.

१० मिमी एच७ (होलच्या मापात किती फरक चालतो त्याचा ग्रेड) म्हणजे १०.००० ते १०.०१५ मिमी, एवढीच जागा. माईल्ड स्टीलमध्ये ९.८ चं ड्रिल मार. ९.९५ चं मार, रीमरला त्रास कमी, असं सांगणारे भेटतील. ऐकू नकोस. मटेरियल फारच कमी ठेवलं की रीमर कापत नाही, नुसता घासतो आणि धार जाते. स्पीड ड्रिलच्या निम्मा किंवा त्याहून कमी, फीड (एका फेरीत टूल किती पुढे सरकतं ते) मात्र दुप्पट. कटिंग ऑइल भरपूर. बीड (कास्ट आयर्न) असेल तर कोरडंही चालतं.

बाहेर काढताना उलटा फिरवायचा नाही. हँड रीमर असला तरी नाही! चिप (कापलेला कीस) धारेमागे अडकते नि होलला ओरखडे पडतात. सुलटा फिरवतच वर घे. आरपार होलला डाव्या हेलिक्सचा (डावीकडे वळणाऱ्या खाचांचा) रीमर माग, तो चिप पुढे ढकलतो.

आणि प्लग गेज (होलचं माप तपासायचा दांडा) लावण्याआधी जॉब थंड होऊ दे. गरम होलमध्ये गेजचं नो-गो टोक, जे बरोबर होलमध्ये शिरायला नको, तेसुद्धा शिरू शकतं.