माऊसने फाईल ओढताना ती मध्येच सुटते. नवा घेताना दुकानातच तपासून कसा घ्यावा?

माझं मालवणला छोटं डीटीपीचं दुकान आहे. लग्नपत्रिका, गणपतीतले बॅनर, झालंच तर कुणाचे अर्ज. दिवसभर कोरलड्रॉमध्ये ओढाओढीच चालते, त्यामुळे तुमच्या या दुखण्याशी माझी जुनी ओळख. एकदा मंडळाच्या अध्यक्षांचा फोटो ओढता ओढता सुटला आणि देणगीदाराच्या नावावर जाऊन बसला. बॅनर छापून आल्यावर कळलं. दुसरा अर्थातच माझ्या खर्चाने.

तपासायला विंडोजमधलं चित्र काढायचं पेंट पुरे. पेन्सिल घ्या, डावं बटण दाबून धरा आणि न सोडता सावकाश नागमोडी रेघ ओढत राहा, चांगला अर्धा मिनिट. रेघ तुटली तर निकाल लागलाच. पण अखंड दिसली म्हणून पैसे काढू नका. आता एकदाच कंट्रोल-झेड दाबा, म्हणजे एका दाबात ओढलेली शेवटची रेघ पुसली जाते. सगळी रेघ गेली तर बटण शेवटपर्यंत धरलेलं राहिलं. नुसतं शेपूट गेलं आणि बाकीची रेघ तशीच राहिली, तर मध्ये कुठेतरी क्लिक सुटून परत लागलंय. काही मिलिसेकंदांचा खेळ असतो तो, डोळ्याला दिसत नाही.

हे करताना बोट हलकं ठेवा. दुकानात आपण बटण नको तितकं जोरात दाबतो आणि माऊस पास होतो. घरी तासाभराने बोट सैलावलं की खरा रंग दिसतो. बटणाच्या टोकाला आणि मागच्या बाजूला दाबूनही बघा.

रेघ तुटत नाही पण उड्या मारते, तर दोष बटणाचा नाही, सेन्सरचा किंवा टेबलाचा. काउंटरवर काच असेल तर खाली साधा कागद घाला आणि मगच ठरवा. वायरलेस असेल तर आधी सेल बदला, रिसीव्हर जवळच्या पोर्टला लावा.

जुन्याचं निदान करायचं असेल तर सेटिंग्जमध्ये मुख्य बटण उजवं करा आणि तीच रेघ पुन्हा ओढा. उजव्याने सुरळीत चाललं तर डाव्याचा स्विच गेला. एका क्लिकवर फोल्डर उघडत असेल तर तेही त्याच रोगाचं लक्षण. आत धातूची बारीक पट्टी टेकते आणि सुटते. तिच्यातून जाणारा करंट इतका कमी असतो की टेकणीवर साचलेला काळपट थर जळून जात नाही. आपल्याकडची खारी, दमट हवा त्यात भर घालते. पावसाळ्यात तर विचारू नका. ऑप्टिकल स्विचच्या माऊसमध्ये क्लिक प्रकाशाने ओळखलं जातं, म्हणून ही भानगड नसते, पण ते महाग पडतात. सोल्डरिंग करणारा ओळखीचा असेल तर स्विच बदलून मिळतो. तीन पायांचा एवढासा तर असतो.

नवा येईपर्यंत विंडोजमधलं क्लिकलॉक चालू करा. बटण क्षणभर दाबून सोडलं की पकड राहते, पुन्हा क्लिक केलं की सुटते. मात्र माऊस तपासताना ते बंदच हवं, नाहीतर मोडका माऊसही पास होईल.